व्यवसाय-मार्गदर्शनातील न विचारलेला प्रश्न

निकालाचे दिवस आले की गावोगावी व्यवसाय-मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. शाखा, प्रवेश-परीक्षा, पगार यांची माहिती मिळते. विद्यार्थ्याचा ओढा कोठे आहे हेही तपासले जाते. २०१६ साली तर राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यात आली. परंतु पत्करलेल्या कामानंतर दिवसाचे किती तास स्वतःचे उरतील, हा प्रश्न कोणी विचारल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

अंजूरसारख्या गावात हा प्रश्न चैनीचा नव्हे. वसईच्या मोहिमेतील गंगाजी नाईकांचे हे गाव आज भिवंडीच्या गोदामपट्ट्यात आहे. शेजारच्या भिवंडीत यंत्रमागावरील बारा तासांची पाळी जुनीच. माझा एक विद्यार्थी रात्री गोदामात माल चढवतो-उतरवतो आणि सकाळी पहिल्याच तासाला पेंगतो. मी त्याला आळशी समजत होतो. एकदा त्याचा दिवस वहीत मांडला. बारा तास काम, दोन तास जाण्यायेण्यात, चार तास महाविद्यालय. उरलेल्या सहांत झोप, जेवण आणि घरचे पाणी भरणे. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास कोठे बसवायचा?

फुरसतीची किंमत म्हणजे बुडालेली मजुरी, असे आम्ही वर्गात शिकवतो. जादा मजुरीची किंमत म्हणजे बुडालेला अभ्यास, ही दुसरी बाजू मात्र राहून जाते. शिवाय कामाचे तास कामगार स्वतः निवडतो, हे पुस्तकातील गृहीतकही येथे लटके पडते. पाळी घ्या अथवा घरी बसा, एवढीच निवड असते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक तासांची मर्यादा ९ वरून १२, तर दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला संमती व वाढीव मोबदला हवा, हे खरे. पण घरात चूल अडलेली असताना संमती कितपत स्वेच्छेची असते?

म्हणून पगाराच्या आकड्याला प्रवासासह लागणाऱ्या तासांनी भागण्याचे साधे गणित तरी शिबिरांत शिकवावे. त्या विद्यार्थ्याने ते करून पाहिले. आठ तासांचे, काहीसे कमी पगाराचे काम त्याला मिळत आहे. वडिलांना ते मान्य नाही. त्यांच्याशी बोलण्यासाठी येत्या रविवारी मी अंजूरला जाणार आहे.