बावीस अक्षरांचा आक्रोश

हिब्रू शास्त्रग्रंथांतल्या शब्दरचनेचा विषय निघाला की एक पंथ हटकून पुढे येतो, तो गुप्त संकेत शोधणाऱ्यांचा. मायकेल ड्रॉस्निन यांनी १९९७ मध्ये ‘द बायबल कोड’ लिहून, ठरावीक अंतरावरची अक्षरं उचलत, इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या हत्येचं भाकीत दाखवलं. ‘मोबी डिक’ या कादंबरीत अशी हत्या शोधून दाखवा, हे आव्हानही त्यांचंच. गणितज्ञ ब्रेंडन मॅके यांनी एक नव्हे, अनेक शोधून दाखवल्या. या पंथावर आणखी शाई खर्चायला नको.

दुसरा पक्ष सभ्य आहे, म्हणूनच अधिक फसवा. ‘विलापगीत’ हा याच शास्त्रग्रंथांतला, वर्णमालेच्या क्रमाने रचलेला, जेरुसलेमच्या पाडावावरचा शोक. ज्याचं शहर जळलं तो वर्णमाला जुळवत बसेल का? तेव्हा ही नुसती चित्रकाव्याची कसरत, असं हा पक्ष म्हणतो.

पण कसरत सगळीकडे सारखी असती. इथे ती नाही. हिब्रू अक्षरं २२. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात २२ कडवी, प्रत्येक कडवं क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू. तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन, म्हणजे ६६. बंधन सर्वांत घट्ट तिथेच देवाच्या दयेची आशा बोलते. पाचव्यात कडवी पुन्हा २२च, पण वर्णक्रम नाहीसा. साचा उरतो, आधार जातो. कुणी म्हणेल, हे अध्याय वेगवेगळ्या कवींचे असतील. असोत; मग त्यांना या क्रमाने मांडणाऱ्याला रचनेचा कान होता एवढंच म्हणावं लागेल.

मधल्या तीन अध्यायांत ‘पे’ हे अक्षर ‘आयिन’च्या आधी येतं, नेहमीच्या उलट. ही नक्कलकाराची चूकही नव्हे: सिनाईतल्या कुंतिल्लेत अज्रुदच्या उत्खननात मडक्यांवर लिहिलेली वर्णमाला याच क्रमाची आहे. शिवाय यात लपवलेलं काहीच नाही. प्रत्येक कडव्याच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवा, पडताळा होतो. संगणक लागत नाही.

राहिला प्रश्न शोक खरा की घडवलेला याचा. अमर्याद दुःखाला ‘आलेफ’ या पहिल्या अक्षरापासून ‘ताव’ या शेवटच्या अक्षरापर्यंतची हद्द घातली, तरच ते सभेत म्हणता येतं. शेवटचं कडवं तर, देवाने आपल्याला कायमचं टाकलं की काय, या शंकेवरच थांबतं. तिशा बआव या ज्यूंच्या उपवासाला सिनेगॉगमध्ये हा ग्रंथ वाचताना ते संपलं की त्याआधीचं, परत बोलावण्याच्या विनवणीचं कडवं पुन्हा म्हणतात. कसरतीचा शेवट कुणाला इतका बोचत नाही.