मॅट्रॉइड आणि आपली मराठी

उच्च गणित मराठीत सांगता येत नाही, हे मत आम्हांस मान्य नाही. बुलढाणा, चिखली, खामगाव यांना जोडणाऱ्या तीन रस्त्यांपैकी कोणतेही दोन पुरतात. तिसऱ्याने केवळ फेरा पूर्ण होतो. फेरा नसलेला रस्त्यांचा संच 'स्वतंत्र'. सदिशांचे स्वातंत्र्यही याच नियमांनी चालते, हे हॅस्लर व्हिटनी यांनी १९३५ साली दाखविले. त्या सामाईक रचनेस 'मॅट्रॉइड' हे नाव दिले. अभ्यासूंनी रॉबिन विल्सन यांच्या आलेख-सिद्धान्तावरील छोट्या पुस्तकापासून आरंभ करावा, मग जेम्स ऑक्सली यांचा 'मॅट्रॉइड थिअरी' (१९९२) हा ग्रंथ. विद्युत-जालांशी नाते उलगडणारा पवईच्या आयआयटीतील एच. नारायणन यांचा ग्रंथ १९९७चा. हे सारे इंग्रजीत आहे. परंतु पहिली ओळख मातृभाषेत झाली, तर आमचा विद्यार्थी शब्दांपाशी न अडखळता कल्पनेला भिडेल.