‘प्री-अप्रूव्ह्ड’ म्हणजे नेमके किती मंजूर?

पुण्यात रावेत, वाघोली किंवा आंबेगावच्या कुठल्याही साइट ऑफिसात रविवारी दुपारी गेले, तर सँपल फ्लॅट बघून झाल्यावर चहाबरोबर एक वाक्य हमखास येते, ‘लोनचं टेन्शन घेऊ नका, आमचा बँकवाला इथंच बसलाय.’ बँकवाला खरोखरच बसलेला असतो. बहुतेक वेळा तो बँकेच्या पगारावर नसतो. कमिशनवर काम करणारा एजंट असतो, धंद्याच्या भाषेत डीएसए. तो पगार विचारतो, पॅन क्रमांक घेतो, मोबाइलवर बोटे फिरवतो आणि पाच मिनिटांत जाहीर करतो की साहेबांना बावन्न लाख आरामात बसतात. नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि टोकनचा चेक फाडला जातो.

या पाच मिनिटांत बँकेने काहीही मंजूर केलेले नसते. झालेले असते ते एवढेच, की गिऱ्हाइकाने सांगितलेल्या पगारावर एक त्रैराशिक मांडले गेले. याला पात्रता म्हणतात, एलिजिबिलिटी. बँकेच्या संकेतस्थळावरचे कॅल्क्युलेटर हेच करते आणि मोबाइलवर येणारा ‘अभिनंदन! आपले गृहकर्ज प्री-अप्रूव्ह्ड’ हा संदेशही पुष्कळदा याच जातीचा असतो. ज्या बँकेत पगार जमा होतो तिने तो धाडला असेल, तर निदान खात्यातली आवकजावक तिला ठाऊक असते. बाकीच्यांचा संदेश म्हणजे जाहिरात. ‘मंजूर’ हा शब्द जाहिरातीत वापरायला मुभा असावी का, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेने कधीतरी मनावर घ्यायला हवा.

ज्याला वजन आहे तो कागद पुढच्या पायरीवर मिळतो. त्याचे नाव तत्त्वतः मंजुरी. इथे पगाराच्या स्लिपा, सहा महिने ते वर्षभराचे बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्रे हे सगळे खरोखर तपासले जाते आणि सिबिलचा अहवाल काढला जातो. दुकानदार, डॉक्टर, रिक्षामालक यांच्याकडून सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे आणि ताळेबंद मागतात. हाती येणाऱ्या पत्रावर रक्कम असते, अंदाजे व्याजदर असतो आणि मुदत असते, बहुधा तीन ते सहा महिन्यांची. एक गोष्ट मात्र त्या पत्रात नसते, ती म्हणजे घर. बँकेने माणूस तपासलेला असतो, मालमत्तेकडे अजून पाहिलेलेही नसते.

साइट ऑफिसातल्या बावन्न लाखांचे काय होऊ शकते ते पाहू. समजा, घरात येणारा पगार महिना ९० हजार. बँका साधारणपणे हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास हप्ता धरतात; पगार मोठा असेल तर थोडा जास्त. निम्मे म्हणजे ४५ हजार. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज जवळपास ५२ लाख. एजंटचे गणित बरोबर आहे. पण दारात उभ्या असलेल्या गाडीचा ९ हजारांचा हप्ता त्याने विचारला नाही आणि यांनी सांगितला नाही. तो वजा केला की उरतात ३६ हजार, आणि कर्ज येते साडेएकेचाळीस लाखांवर. नऊ हजारांच्या हप्त्याने दहा लाखांहून अधिक कर्ज खाल्ले. गाडीचे कर्ज आधी फेडून मग अर्ज करावा, हे शहाणपण या टप्प्यावर सुचले तर उपयोगी पडते. टोकन देऊन झाल्यावर सुचले तर गाडी विकायची वेळ येते.

आता याच जोडप्याला पुणे शहरात ७० लाखांचा तयार फ्लॅट घ्यायचा आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले असल्याने जीएसटीचा प्रश्न नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्के एवढीच रक्कम बँक देऊ शकते. म्हणजे पगार कितीही असला तरी इथे ५६ लाखांची कमाल मर्यादा, आणि १४ लाख स्वतःचे. त्यावर सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४ लाख ९० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. घर एकट्या बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे ७० हजार वाचतात. हे शुल्क बँकेने घराच्या किमतीत धरायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२पासूनचा दंडक आहे. दहा लाखांपर्यंतच्या घरांपुरती पुढे सूट दिली गेली, पण पुण्यात त्या किमतीला हल्ली पार्किंगही मिळायची मारामार. बेरीज केली तर साडेएकेचाळीस लाख कर्ज मिळणाऱ्या जोडप्याला सुमारे ३३ लाख ७० हजार पदरचे उभे करावे लागतात. बावन्न लाखांच्या भरवशावर त्यांनी २३ लाख जमवलेले असतात.

सिबिलबद्दल बोलले पुष्कळ जाते, अहवाल मात्र फार थोडे लोक वाचतात. ३०० ते ९०० यांमधला गुण सगळ्यांना पाठ असतो, त्याच्या खालची पाने कुणी उलटत नाही. त्या पानांवर गावाकडच्या चुलतभावाच्या ट्रॅक्टरकर्जाला राहिलेला जामीन असतो. चुलतभाऊ हप्ते थकवून मोकळा होतो, जामीनदाराला त्याचा पत्ता स्वतःच्या गृहकर्जाच्या वेळी लागतो. कधीकाळी बंद करायचे राहून गेलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी असते. तडजोड करून मिटवलेल्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शिक्का असतो, आणि तो ‘क्लोज्ड’पेक्षा वाईट, हे मिटवताना कुणी सांगितलेले नसते. सिबिलसह देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. स्वतःचा अहवाल स्वतः मागवला तर गुण कमी होत नाही. कर्जाच्या अर्जापोटी बँकेने मागवला तर त्याची नोंद राहते, आणि पाच एजंटांनी पाच बँकांत अर्ज टाकले की पाच नोंदी एका रांगेत दिसतात. कोणत्याही बँकेने अहवाल पाहिला की त्याचा संदेश ग्राहकाला आलाच पाहिजे, असा नियम आता झाला आहे. अहवालातल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत निस्तरली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. म्हणून अहवाल घरे बघायला लागण्याच्या दोन-तीन महिने आधी मागवावा. चूक सापडली तर ती सुधारायला तेवढा अवधी लागतोच.

माणूस पास झाला की घराची परीक्षा सुरू होते. बँकेच्या भाषेत तिचे नाव ‘लीगल-टेक्निकल’. पॅनेलवरचा वकील सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मागच्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र बघतो, जुन्या नोंदींचा शोध घेतो. व्हॅल्युअर घर मोजतो, भाव ठरवतो. महाराष्ट्रात तत्त्वतः मंजुरीची पत्रे सर्वांत जास्त इथे अडकतात. जमीन भोगवटादार वर्ग दोनची निघते आणि हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गुंठेवारीतले बांधकाम नियमित झालेलेच नसते. बाल्कनी आत घेऊन हॉल वाढवलेला असतो आणि मंजूर नकाशात तो हॉल नसतो. जुन्या सोसायटीत पहिल्या मालकाचा मूळ करारनामा गहाळ असतो.

रिसेलच्या घरात आणखी एक गाठ असते, तिच्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. मालक म्हणतो, ‘पंच्याहत्तर द्या, पण ॲग्रीमेंट साठचं करू.’ बँक करारातली किंमत आणि आपल्या व्हॅल्युअरने ठरवलेली किंमत यांतली जी कमी असेल ती धरते. साठचे ८० टक्के ४८ लाख. उरलेले २७ लाख घेणाऱ्याने आणायचे, त्यांतले १५ रोख. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि रोख स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. ६० लाखांचे पात्रतापत्र खिशात असूनही व्यवहार कसा फसतो, ते असे.

बँकेची तपासणी म्हणजे घराला मिळालेले प्रमाणपत्र, असे मानणारे तर याहून जास्त अडचणीत येतात. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचे प्रकरण फार जुने नाही. पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून या इमारतींची महारेरा या गृहप्रकल्प नियामकाकडे नोंदणी झाली होती. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथल्या कित्येक कुटुंबांनी बँकांकडून कर्ज काढूनच घरे घेतली होती. बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो. घर घेणाऱ्याने आपला वकील वेगळा लावावा आणि त्याच्या फीबाबत घासाघीस करू नये.

अमेरिकेत हाच मामला उलट्या क्रमाने चालतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये घर शोधणाऱ्या मराठी जोडप्याला तिथला एजंट आधी विचारतो, प्री-अप्रूव्हल लेटर आहे का? ऑफरसोबत ते पत्र नसेल तर विकणारा पुष्कळदा ऑफर वाचतही नाही. तिथेही तोंडी माहितीवरचे प्री-क्वालिफिकेशन आणि कागदपत्रे तपासून दिलेले प्री-अप्रूव्हल असे दोन प्रकार रूढ आहेत, पण सगळ्यांना बांधील अशी व्याख्या नाही. हे शब्द प्रत्येक कर्जसंस्था आपापल्या पद्धतीने वापरते, असे तिथली ग्राहक संरक्षण संस्थाच सांगते. दोन गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत. ४५ दिवसांच्या आत गृहकर्जासाठी कितीही ठिकाणी चौकशी केली तरी पतगुणांकाच्या हिशेबात ती एकच चौकशी धरली जाते, त्यामुळे चार ठिकाणी दर विचारायला माणूस भीत नाही. आणि कर्ज मिळाले नाही तर अनामत परत, अशी अट करारात घालण्याची तिथे चांगली रुळलेली पद्धत आहे.

आपल्याकडे अशी अट घालायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. विसार पावती लिहिताना ‘बँकेने कर्ज नाकारल्यास किंवा मालमत्तेच्या कागदपत्रांतील दोषामुळे मंजुरी न मिळाल्यास विसाराची संपूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत’ हे एक वाक्य पुरते. ते लिहायला कुणी बसत नाही, कारण त्या क्षणी घेणाऱ्याला घर हातचे जाईल अशी धास्ती असते आणि मधला एजंट ‘सगळे असेच करतात’ म्हणून पावती पुढे सरकवतो. नव्या प्रकल्पात परिस्थिती जरा बरी आहे. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराने २०२२मध्ये अलॉटमेंट लेटरचा जो नमुना दिला, त्यात पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केले तर काहीही कापायचे नाही, त्यानंतर टप्प्याटप्प्याने कपात वाढून दोन टक्क्यांपर्यंत जाते. सत्तर लाखांचे दोन टक्के म्हणजे १ लाख ४० हजार. तत्त्वतः मंजुरी आधीच हातात असेल, तर लीगल-टेक्निकलचा निकाल या पंधरा दिवसांत लावून घेण्याचा निदान प्रयत्न करता येतो. बुकिंगनंतर सॅलरी स्लिपा गोळा करायला बसणाऱ्याला ते अवघड आहे.

अंतिम मंजुरीपत्र आल्यावरही पैसे हातात पडेपर्यंत थोडे जपून राहावे लागते. नोकरी बदलली, किंवा नव्या घरासाठी म्हणून सोफा आणि फ्रिज हप्त्याने उचलले, तर वितरणाआधी बँक पुन्हा अहवाल काढते तेव्हा ते दिसते. दरही हलतो. फेब्रुवारी ते जून २०२५ या पाच महिन्यांत रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आला; मे २०२२पासून तो नऊ-दहा महिन्यांत चारवरून साडेसहावर चढला होता. बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे ऑक्टोबर २०१९पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असल्यामुळे पत्रावरचा आकडा पत्राच्या तारखेपुरताच खरा असतो.

ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जासोबत केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य तपशिलांचे पत्रक, देणे सक्तीचे केले. व्याज, प्रोसेसिंग फी आणि इतर आकार धरून कर्जाचा खरा वार्षिक खर्च किती टक्के, हे त्यात एका आकड्यात लिहावे लागते. पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, म्हणजे मराठीत मागता येते, आणि निदान तीन कामकाजाचे दिवस बँकेला त्यातल्या अटींवरून मागे फिरता येत नाही. एवढे बारकाईने ठरवता येते, तर ‘प्री-अप्रूव्ह्ड’ या शब्दालाही वेसण घालता येईल. उत्पन्नाचे कागद तपासले आणि पतअहवाल पाहिला असेल तरच तो शब्द वापरायचा, मालमत्तेची तपासणी बाकी असल्याचे रकमेइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहायचे, आणि पत्राची मुदत संपण्याची तारीख छापायची. या तीन अटींसाठी नवा कायदा लागत नाही, रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक पुरेल.