मुरलेली वाइन आणि हृदयाचे औषध

‘जुने ते सोने’ ही म्हण फ्रान्समधील बोर्दोच्या उत्तम रेड वाइनला चवीपुरती लागू पडते. तेथील पोइयाक गावच्या वाइनमध्ये काबर्ने सोव्हिन्यों या जाड सालीच्या द्राक्षाचा वाटा मोठा असतो. साल आणि बियांतून उतरणाऱ्या टॅनिनमुळे नवी वाइन हिरड्यासारखी तोंड आवळते. बाटलीत वर्षानुवर्षे टॅनिन व रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जातात. काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो, जांभळट रंग विटकरी होतो. चांगल्या हंगामाची बाटली २०-३० वर्षेही मुरत राहते.

अल्कोहोल मात्र जवळपास तेवढेच राहते, साधारण १३ टक्के. १९९०च्या दशकात ‘फ्रेंच पॅराडॉक्स’च्या चर्चेतून रेड वाइन हृदयाला हितकारक असल्याचा समज पसरला. त्या निरीक्षणातून वाइनमुळेच हृदय वाचते, हे सिद्ध झाले नव्हते. अल्कोहोल कर्करोगाला कारणीभूत ठरते. मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. बाटलीचे वय किंवा किंमत त्याला अपवाद नाही.

वाइनच्या चवीचे कौतुक जरूर व्हावे. पण न पिणाऱ्याने हृदयासाठी पेला उचलू नये आणि हृदयरुग्णाने वाइनच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नये.