चौलच्या विहिरी आणि जिभेचा निवाडा

चौलच्या वाड्यांतील विहिरीचे पाणी गोडे की मचूळ, याचा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या जिभेने केला. रहाट होते तोवर तो बहुधा पुरला. बैल दमत, म्हणून उपशाला आपोआप मर्यादा पडे. विजेच्या पंपाला दम लागत नाही. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्राच्या हिशेबाने त्याची पातळी एक फूट खाली गेली की तळचे खारे पाणी कालांतराने सुमारे चाळीस फूट वर चढते.

जीभ पहिल्यांदा फसते ती मातीच्या बाबतीत. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या मार्गदर्शिकेनुसार ०.७ डेसिसायमन प्रतिमीटरपेक्षा कमी विद्युतवाहकतेचे पाणी पिकांना क्षारांच्या दृष्टीने निर्धोक, ३ च्या पुढचे धोक्याचे. परंतु एकूण क्षारांइतकेच सोडियमचे कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेले प्रमाणही पाहावे लागते, आणि ते जिभेला कळत नाही. ‘पावसाळ्यात सारे धुऊन जाते’ हा कोकणातला दिलासा अर्धाच खरा आहे. क्षार धुपतात, सोडियम बसलेली चिकण माती मात्र पावसाच्या निर्मळ पाण्याने अधिकच विस्कटते आणि पाणी मुरेनासे होते.

गोठ्याचा हिशेब वेगळा. माणसांनी नाकारलेले पाणी गुरांच्या डोणीत ओतले जाते. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे ५ पर्यंतचे पाणी गुरांना चालते. ५ ते ८ मध्ये सवय नसलेल्या जनावरांना ढाळ लागू शकते, कोंबड्यांना तर ते वर्ज्यच. म्हणजे पिकाला घातक पाणी म्हशीला सोसू शकते. उलट उकिरड्यालगतच्या विहिरीतील नायट्रेट पिकाला खत ठरते, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचे अधिक विषारी नायट्राइट होते.

प्रश्न केवळ रसायनाचा नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हाती दिले. ज्याची ऐपत, तो खोल जातो. खारेपण शेजारच्या दहा गुंठेवाल्याच्या विहिरीत उमटते. बाजारभावात या नुकसानीची नोंद कुठेच होत नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याचा मुख्य अंकुश अधिसूचित क्षेत्रांवर चालतो; आणि मोजमापच नसेल तर शेजाऱ्याने तक्रार तरी कशाच्या आधारावर करावी?

ज्या अलिबाग तालुक्यात १९३३ साली चरीच्या कुळांनी संप पुकारला, तिथल्या कार्यकर्त्यांना हे काम अवघड नाही. वाहकता खिशातल्या यंत्राने मोजता येते. सोडियम आणि नायट्रेटसाठी नमुना प्रयोगशाळेत धाडावा. वैशाखात एकदा, दिवाळीनंतर एकदा. आकडे विहीरवार, मालकाच्या नावासकट, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत, आणि ग्रामसभेने पहिला विचारावा तो वैशाखाचा आकडा.