सायलेन्सर कुणाच्या कानांसाठी?

आमच्या गल्लीत एक बुलेटवाला आहे. कॉलेजात जातो. गाडीचा मूळ सायलेन्सर त्याने काढून टाकलाय, त्यामुळे स्वारी कोपऱ्यावर आली की माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात. मी आपलं कानातलं यंत्र काढून ठेवते आणि तो जाईपर्यंत थांबते.

परवा तो नुकताच गेला होता, मी यंत्र परत लावत होते, तेवढ्यात टेक्सासहून भाच्याचा फोन आला. मोठ्या कौतुकाने त्याने नवं पिस्तूल दाखवलं. ग्लॉक 19. म्हणाला, "मावशी, याची नळी बदलतोय. पुढे आटे पाडलेली, थोडी लांब नळी मिळते. त्या आट्यांवर सायलेन्सर फिरवून बसवायचा." घ्या! इथली पोरं बुलेटचा सायलेन्सर काढतात आणि तिकडे आमचा भाचा गोळीला सायलेन्सर लावायला निघालाय.

मी नापसंती दाखवली तर म्हणाला, "हा कानांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. तुला तरी पटायला हवं."

मला तरी! म्हणून हा लेख. भाचा इथे वाचायला येतो, तेव्हा जाहीरच बोलते.

कानांचं दुःख मला नवीन नाही. आमच्या ह्यांनी इचलकरंजीत यंत्रमागावर तीस वर्षं काढली. कानात कापसाचे बोळे, एवढंच काय ते संरक्षण. साठीत त्यांना दारावरची बेल ऐकू येईना. तेव्हा कानांची गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही. पिस्तुलाचा आवाज साधारण 160 डेसिबल असतो आणि एवढ्या आवाजाने एका क्षणात कान कायमचा दुखावू शकतो, हे खरं आहे. सायलेन्सरने तो तीसेक डेसिबलने उतरतो, हेही खरं. म्हणजे सिनेमातल्यासारखं 'फुस्स' होत नाही, उरलेला आवाजही मोठाच असतो. म्हणून तिकडे त्याला सप्रेसर म्हणतात. शब्द बरोबर आहे. मराठीच्या मास्तरणीला बरोबर शब्द आवडतो.

नॉर्वे-फिनलंडमध्ये शिकारी आपल्या रायफलींना सप्रेसर सर्रास लावतात, हेही भाच्याने ऐकवलं. मान्य. जंगलात कान उघडे ठेवावे लागतात, शेजारच्या गावाला त्रास नको. पण बाळा, तू कुठल्या जंगलात निघालायस? रायफलीचा युक्तिवाद उसना आणून पिस्तुलाला कसा चिकटवतोस? नेमबाजीच्या मैदानावर इअरमफ घातले की वीस ते तीस डेसिबल कमी होतात. काम तेच, किंमत कितीतरी कमी.

आता वस्तूच बघा. कॉम्पॅक्ट पिस्तूल लहान असतं ते अंगावर सहज बाळगता यावं म्हणून. लांबी साडेअठरा सेंटिमीटरच्या आसपास. त्याला जवळपास तेवढाच लांब सप्रेसर जोडला की लहानपण गेलं. शिवाय गोळी सुटताना या पिस्तुलाची नळी मागे सरकते आणि कलते. टोकाला वजन आलं की पिस्तूल अडखळतं, म्हणून सप्रेसरमध्ये स्प्रिंगचा वेगळा भाग लागतो. समोरची माशी सप्रेसरच्या आड जाते, म्हणून ती उंच बसवायची. एका हौसेपायी किती उपद्व्याप!

राहिला घरातल्या बचावाचा मुद्दा. रात्री चोर शिरला आणि बंद खोलीत गोळी झाडली तर घरच्यांचे कान जातील, असं तो म्हणतो. त्याचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा, मी टाळत नाही. पण त्या रात्री शेजारी जागा व्हावा, त्याने पोलिसांना बोलवावं, असं तुला वाटणार नाही का? बंदुकीच्या आवाजाला दोन बाजू असतात. झाडणाऱ्याला तो त्रास असतो आणि बाकी सगळ्यांना इशारा असतो. कानांच्या गप्पांमध्ये हे 'बाकी सगळे' कुठेच नसतात.

31 मे 2019 ला व्हर्जिनिया बीच इथे पालिकेच्या इमारतीत एका कर्मचाऱ्याने 12 जणांना मारलं. त्याच्या एका पिस्तुलाला सप्रेसर होता. वाचलेल्यांपैकी कुणाला तो आवाज खिळे ठोकायच्या यंत्रासारखा वाटला. माझं म्हणणं एवढंच आहे. आवाज संपत नाही, पण त्याची ओळख पुसली जाऊ शकते. आणि पळायला मिळणारे चार क्षण त्या ओळखीवरच अवलंबून असतात.

अमेरिकेने 1934 साली सप्रेसरवर नोंदणी आणि 200 डॉलरचा कर बसवला. तो कर 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला, नोंदणी तेवढी उरली. आट्यांच्या नळीला तर केंद्रीय कायद्यात बंदूक मानतच नाहीत, सुटा भाग म्हणून ती विकत मिळते. 1994 ते 2004 या दहा वर्षांत पिस्तुलावर कायद्याने बंदी घालताना ज्या खुणा पाहत, त्यांत ही नळी होती. कॅलिफोर्नियात ती अजून आहे. नळी म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा नाही, हे त्यांच्याच लोकांना कळत होतं.

भाच्याची मुलगी तिसरीत आहे. तिच्या शाळेत कवायत होते: दार लावायचं, दिवे घालवायचे, कोपऱ्यात गप्प बसायचं. मी चौतीस वर्षं शाळेत काढली. शाळा कानांवर चालते. घंटा, मुलांचा गलका, आणि कुठे काही चुकलं तर वेगळा आवाज. उद्या तशी वेळ आलीच, तर तिची बाई काय ऐकून दाराची कडी लावणार?

तू कुणाला मारणार नाहीस रे, मला ठाऊक आहे. पण जे तू कानांसाठी म्हणून सोपं करून मागतोस, ते उद्या कुणालाही सोपं होतं.

असो. चांगल्यातले इअरमफ घे, पैसे मावशी देईल. मग सांग, ती नळी अजून हवीच आहे का?