गाडीलाही हवा फेरफार

जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचा रंग खरवडला की खाली काय निघेल, हे ती विकणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसते. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही दोन आसनांची गाडी घ्या. ५ लाखांहून अधिक एमजीबी निघाल्या आणि जगभरचे हौशी लोक त्या आजही जपतात. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार उचलते. उघड्या टपाच्या गाडीत तर वरूनही आधार नसतो. म्हणून दाराखालून पुढच्या चाकाकडून मागच्या चाकाकडे जाणारी पत्र्याची पेटी, जिला सिल म्हणतात, हाच तिचा कणा. या पेटीत आतला पत्रा, मधला पडदा आणि बाहेरचा पत्रा असे थर असतात. चाकाने उडवलेला चिखल आत साचतो, ओल धरतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत आतले बरेच काही खाऊन झालेले असते. नीट काम करायचे तर गाडीला खालून टेकू द्यायचा, दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल जोडून ती जखडायची, कुजलेले सगळे कापून काढायचे आणि आतून बाहेर एकेक थर नवा जोडत यायचे. आधार न देता कापले तर बॉडी मधोमध झुकते आणि दार लागेनासे होते. हे काम कित्येक दिवसांचे. त्याऐवजी कुजलेल्या पत्र्यावरच नवा तुकडा टाचायचा, भोकात जाळी कोंबायची, वर लांबी भरायची, घासायची आणि रंग मारायचा, हे काम थोडक्यात उरकते. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर डोळ्यांना सारख्याच दिसतात. फरक सांगतो तो लहानसा लोहचुंबक. पत्र्याला तो चिकटतो, लांबीच्या जाड थरावरून घसरून पडतो.

मोडलेली वस्तू आपण मोडलो आहोत हे निदान सांगते. लपवलेल्या दुरुस्तीत तेवढाही प्रामाणिकपणा राहत नाही. गाडी चार हात फिरलेली असली तर चौघांच्या काळातले थर एकावर एक चढलेले असतात आणि पाचव्याने पाना हातात घेतला की त्याचे पहिले कितीतरी दिवस गाडी दुरुस्त करण्यात जातच नाहीत, ते आधीच्यांच्या दुरुस्त्या उसवण्यात जातात. वायरिंगमध्ये हे अधिक छळते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून एखाद्याने त्या जागी तांब्याची तार अडकवली की दिवे लागतात आणि तक्रार संपते. पण फ्यूज उडत होता तो कुठेतरी सोललेली वायर बॉडीला टेकत होती म्हणून, आणि ती तशीच टेकत राहते. पुढे वायर तापून वितळली की नव्या मालकाला जळालेला गठ्ठा दिसतो, कारण दिसत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की गाडीवर झालेल्या प्रत्येक मोठ्या कामाची लेखी नोंद गाडीसोबत फिरली पाहिजे आणि मालकी बदलताना ती नव्या मालकाच्या हाती पडली पाहिजे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याच्या बाजारात एमजीबी दिसायची नाही, तेव्हा ही श्रीमंतांच्या छंदाची गोष्ट इथे कशाला, असे कुणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली, तेव्हापासून ते घराणे देशभरच्या कच्च्या रस्त्यांवर राबले आहे, आणि आपल्या झाडीपट्टीने त्याच्या कमांडरसारख्या वंशजांवर काळीपिवळी टॅक्सीचा धंदा केला आहे. इथे जीप, ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटारसायकल यांतले पुष्कळसे दुसऱ्या-तिसऱ्या हातानेच येते. वर्षाला १३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, धानाच्या बांधीतला चिखल आणि महिनोन्‌महिने न वाळणारी ओल. गंजाला आणखी काय हवे? आणि इथे चुकलेल्या दुरुस्तीची किंमत हौशी माणसाच्या किमतीहून मोठी आहे. ब्रेक ऑइल हाताशी नव्हते म्हणून एखाद्याने ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतले असे समजा. त्या दिवशी पेडल घट्ट लागते. पण ब्रेकमधले रबर खनिज तेलासाठी केलेलेच नसते. ते फुगते, मऊ पडते, आधी चाक जाम धरते आणि शेवटी तेल सोडते. वरून योग्य ऑइल भरूनही मग उपयोग नसतो. पाइप धुवावे लागतात आणि सगळे रबर बदलावे लागते. ही जीप ज्याने विकत घेतली त्याला यातले काही ठाऊक नाही. तो दहा माणसे बसवून कोरचीकडे निघतो आणि वाटेत बेडगावचा घाट असतो. स्पोर्ट्‌स गाडी जपणारा आणि काळीपिवळी चालवणारा, दोघांचेही दुखणे एकच. फक्त एकाचे पैसे जातात, दुसऱ्याच्या गाडीत माणसे बसलेली असतात.

जुगाडाला नावे ठेवू नका, त्यावरच ग्रामीण भागातली चाके फिरतात, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तो मला मान्यही आहे. रेडिएटर गळायला लागला आणि जवळचे दुकान वडशाला असले, तर हळद टाकून का होईना, गाडी घरी आणणारा माणूस शहाणाच. पेट्रोलच्या टाकीच्या चिरेवर साबण चोळून रात्र निभावणाऱ्यालाही दोष देता येणार नाही. पण रात्र निभावण्याचा इलाज पाच वर्षांचा इलाज झाला आणि त्याबद्दल कुणी कुणाला सांगितलेच नाही, तर त्याचे कौतुक करायचे कारण उरत नाही. शिवाय पर्यायी भाग वापरणे आणि फसवी दुरुस्ती करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयातीवर कडक बंधने होती त्या काळात आपल्याकडच्या विदेशी गाड्यांना देशी भागांवरच जगावे लागले. अँबॅसॅडरचे १४८९ सीसीचे इंजिन आणि एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडीचे इंजिन एकाच घराण्यातले आहे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतले. हे ओळखून अँबॅसॅडरचा योग्य भाग एमजीएला बसवणारा मिस्त्री आपले काम जाणणाराच म्हणायचा. मात्र त्याने ते कागदावर लिहून ठेवले नाही, तर वीस वर्षांनी दुसरा मिस्त्री मूळ गाडीच्या पुस्तकातली मापे धरून सुटे भाग मागवतो, ते बसत नाहीत, आणि चांगल्या कामालाही शिव्या पडतात. नोंद वाइटाला उघडे पाडते, तशी चांगल्याला राखतेही.

हेतू चांगला होता, असेही सांगितले जाते. हेतूचे काय होते ते पाहायला फार लांब जायला नको. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाची मंदिरे आहेत. मुख्य मंदिराच्या शिखरावर वीज पडून ते ढासळले आणि मंडपाचे छत फुटले. पुढे गोंड राजवटीत श्रद्धेने डागडुजी झाली, पण उभ्या केलेल्या जाडजूड आधारांचा मूळच्या नाजूक कोरीव कामाशी मेळ बसला नाही. आजच्या जीर्णोद्धाराला मूळ पडझड आणि तिच्यावरची जुनी डागडुजी, अशी दोन्ही कोडी एकदम सोडवावी लागतात, आणि ते काम वर्षानुवर्षे रेंगाळलेले आपण पाहिलेच आहे. अथेन्सच्या पार्थेनॉनची गोष्ट आणखी बोलकी आहे. प्राचीन ग्रीक गवंड्यांनी संगमरवर जोडताना लोखंडी अडकणींभोवती शिसे ओतले होते, त्यामुळे लोखंडाला पाणी लागले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्याने दुरुस्ती केली तेव्हा लोखंड वापरले, पण ती काळजी घेतली नाही. ते गंजले, फुगले आणि त्याने संगमरवर फोडला. १९७५ नंतरच्या पथकांना ते लोखंड उपसून टायटॅनियम बसवावे लागले. बालानोस लबाड नव्हता. दुरुस्ती करणाऱ्याची निष्ठा कितीही असो, पुढच्याला त्याने नेमके काय केले हे कळण्याची सोय लागतेच. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फीव्हाने, २०१२ साली मंजूर केलेली तुरीनची सनद हेच सांगते: केलेल्या कामाची नोंद ठेवा आणि बदललेला भाग ओळखू येऊ द्या.

कायदा आहे की, तो पुरेसा नाही का? भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ सालच्या कायद्याच्या, कलम १७ मध्ये माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे ही फसवणूकच मानली आहे. कुजलेल्या पत्र्यावर जाणूनबुजून लांबी भरून गाडी विकणे त्यात बसायला हरकत नाही. अडचण पुराव्याची आहे. लांबी पहिल्या मालकाने भरली, गाडी चौथ्याने विकली. चौथ्याला खरेच माहीत नव्हते, आणि पहिल्याशी पाचव्याचा करारच नाही. मालकी बदलताना आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरतात. त्यांत इंजिन आणि चेसीचे नंबर असतात, गाडीच्या पोटात काय घडले याला तिथे जागा नाही. केंद्राने २०२१ साली ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले, नंबरात व्हीए ही अक्षरे दिली, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क ठेवले आणि गाडी मूळ रूपात असावी अशी अट घातली. अट चांगली आहे. पण गाडीचा दुरुस्तीचा इतिहास कुठेच लिहिलेला नसेल तर मूळ रूप ठरवायचे कशावरून?

आपल्याकडे अशा नोंदीचा नमुना घरोघरी आहे. अर्धा एकर धानाची बांधी विकत घेणारा शेतकरी सातबारा पाहिल्याशिवाय इसार देत नाही, आणि शंका आली तर जुने फेरफार काढून पाहतो. जमीन कुणाकडून कुणाकडे आली, तिच्यावर कोणता बोजा चढला, कधी उतरला, हे त्याला कागदावर हवे असते. तोच शेतकरी जमिनीच्या उत्पन्नातून ट्रॅक्टर घेतो तेव्हा मात्र रंग, टायर आणि इंजिनाचा आवाज एवढ्यावर लाखाचा व्यवहार होतो. यात त्याचा दोष नाही, त्याला दाखवायला कागदच कुणाकडे नसतो.

नोंदीमुळे गाडीची किंमत पडेल, म्हणून कुणी लिहिणार नाही, हा व्यवहारी माणसाचा आक्षेप. सुरुवातीला किंमत पडेलही, आणि ज्याने लपवले त्याची पडायलाच हवी. पण ज्याने सिल कापून नीट केली त्याला आज तेवढाच भाव मिळतो जेवढा लांबी भरणाऱ्याला मिळतो, हा अन्याय आपण रोज चालवून घेतो. दुरुस्तीची वही असली तर खऱ्या कामाला भाव येईल आणि मन लावून काम करणाऱ्या मिस्त्रीचे नाव त्या वहीसोबत गावोगाव जाईल. यासाठी आणखी एक निरीक्षक, आणखी एक दाखला आणि त्याच्यामागे आणखी एक दलाल नेमा, असे मी म्हणत नाही. गडचिरोलीच्या आरटीओपर्यंतची खेप आधीच लोकांच्या अंगावर येते. शंभर पानी वही आणि मोबाइलवरचा फोटो पुरे. रंग मारण्याआधी उघड्या पत्र्याचा एक फोटो काढला तरी निम्मे काम होते. मालकी हस्तांतराच्या अर्जात ‘दुरुस्तीची वही दिली किंवा नाही’ एवढी एक ओळ वाढवावी. ‘नाही’ लिहिले तरी घेणारा सावध होतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या पोरांना इंजिन उघडायला शिकवतात, त्याच बाकावर उघडताना काय सापडले ते लिहायलाही शिकवावे. भाषा सोपी चालेल, शुद्धलेखन चुकले तरी चालेल. जीपच्या वहीत एवढे असले तरी घाट उतरणाऱ्याच्या कामी येईल: मागचे डावे चाक, ब्रेकचे रबर फुगलेले, टाकीत इंजिन ऑइल निघाले, चारही चाकांचे रबर नवे, पाइप धुतले, ब्रेक ऑइल नवे भरले, उजवीकडचा पाइप गंजला आहे, तो अजून बदललेला नाही.